वाकड्या तराजूचा पाठ

नेरूळ, नवी मुंबई
सोमवार, १६ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप हिरामणमामा यांच्या पायावर जावई सयाजी डोकं ठेवतो, ते मानून घ्यावं. मामींनाही नमस्कार. (त्यांना वेगळा घातलाय. मागच्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला, तर तो तुम्ही एकट्यानंच ठेवून घेतला अशी त्यांची तक्रार आली होती.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मी पाठवलेलं तेल चोळताय, का बाटली खिडकीत ठेवून नुसतं तिच्याकडं बघताय? मामींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता त्यांना तुम्ही लांबूनसुद्धा स्वच्छ दिसता हे वाचून आनंद झाला, तुमची मात्र जरा काळजी वाटली. म्हैस व्यायली असेल. रेडी झाली असली तर मामींना पेढे, रेडा झाला असला तर तुम्हाला. इकडं सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसलो, नाहीतर मी आणि पत्र! पण तुमच्या लेकीच्या बी.एड. कॉलेजात असं शिकवतात की धड्याचा विषय मास्तरनं आपल्या तोंडानं सांगायचाच नाही. इकडचं तिकडचं विचारत विचारत तो पोरांच्या तोंडून काढून घ्यायचा. म्हणून मीही इतक्यात सांगत नाही.

तर मामा, आमच्या सुपारीची बैठक तुम्हाला आठवत असेल. आमच्या बापानं हुंड्याचं बोलायला घसा खाकरला, आणि तुम्ही त्याच्याही आधी खाकरलात. म्हणालात, सोनं मी घालणार नाही, तुम्ही मागायचं नाही, माझी एकच अट, पोरगी गणितात बी.एस्सी. होतीय, तिला बी.एड. करून हायस्कुलात गणिताची मास्तरीण करायची. आमच्या बापाच्या हातातली बशी तिथंच कलंडली. (धोतरावरचा तो डाग अजून गेलेला नाही, आणि सून आली की तो ते धोतर मुद्दाम नेसतो.) दहावीच्या गणितात तीनदा आपटलेला, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर कांद्याची पोती वाहणारा माथाडी, त्याला गणितातली बायको! बापानं तोंड उघडायच्या आत मी मान हलवली. सगळे म्हणाले, पोरगं मोठ्या मनाचं. मन कसलं डोंबलाचं, मी पोहे घेऊन आलेली राजेश्वरी बघितली होती, तुम्ही मला कलेक्टर करायची अट घातली असती तरी मी हो म्हणालो असतो. पण शब्द दिला तो दिला. यंदा तिला बी.एड.ला ॲडमिशन मिळाली आणि आमच्या घराची शाळा झाली.

शाळा म्हणजे खरोखरची शाळा. देवाच्या फळीखालच्या खिळ्याला गुंडाळीफळा टांगलेला असतो, त्यामुळं सकाळी उदबत्ती लावायची तर आधी बेरीज पुसावी लागते. चहा पाहिजे असला तर मी हात वर करायचा. यांच्यात एक सूक्ष्मपाठ म्हणून प्रकार असतो, त्यात एका वेळी एकच कौशल्य गिरवायचं. एक आठवडा नुसती नजर फिरवायची, डावीकडून उजवीकडं, शेवटच्या बाकापर्यंत. आमच्या दोन खोल्यांत शेवटचा बाक कुठून आणणार? ती मोरीतल्या बादलीपर्यंत नजर फिरवायची. पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारायचं कौशल्य आलं. आता बोला, आमटीत मीठ नाही हे तिच्या आधीच लक्षात आलं असलं तरी ती सांगणार नाही. विचारणार, आजच्या आमटीत कोणता घटक राहून गेला असावा बरं? मी म्हणलं कोकम. तर म्हणे, प्रयत्न चांगला आहे, अजून जरा विचार करा. (चूक असं म्हणायचंच नाही, त्यानं विद्यार्थ्याचं मन खचतं. करावे गावातून आमच्या आळीत मासे विकायला राहीबाई येते, तिच्या शिळ्या बांगड्यालाही हिनं प्रयत्न चांगला आहे म्हणून सांगितलं. राहीबाईनं ती तारीफ समजून दोन बांगडे वर घातले.) मीठ हे उत्तर माझ्या तोंडून निघेपर्यंत आमटी गार झाली. पण खरं सांगू मामा, हात वर करून चहा मागायला मला आवडायला लागलं होतं. दिवसभर मला लोक 'ए सातारा, हिकडं घे' असं हाकारतात, आणि घरी एक माणूस म्हणतं, हां सयाजीराव, बोला, तुम्हाला काय वाटतं?

आणि विद्यार्थी म्हणून मी अव्वल नंबरचा ढ, याच्याबद्दल दुमत नसावं. इयत्ता आठवी, विषय समीकरण. संध्याकाळी पाय धुवून मी चटईवर बसायचो आणि ती फळ्यावर लिहायची. क्ष अधिक पाच बरोबर बारा. मी पाच उचलून पलीकडं नेला आणि अधिकचा अधिकच ठेवला, उत्तर सतरा. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तीन क्ष बरोबर बारा, तर मी बारातून तीन वजा केले, क्ष नऊ. तरी रागावली नाही. मग मी एकाच बाजूला भागलं. मग कंस आला, त्यात पहिल्याच आकड्याला गुणलं आणि दुसऱ्याला तसाच उपाशी ठेवला. प्रत्येक चुकीला ती एक नवीन युक्ती काढायची, कधी काड्या, कधी शेंगदाणे, कधी माझ्या दोन चपला, आणि शेवटी तोंड भरून शाब्बास म्हणायची. मामा, माझ्या शाळेत गणिताच्या गुरुजींनी मला सगळं दिलं, शाब्बास तेवढं दिलं नाही. ती फळ्यापुढं उभी राहते ना, पदर खोचलेला, नाकाला खडू लागलेला, तेव्हा मला ती लग्नातल्या शालूपेक्षा सुंदर दिसते. सासऱ्याला असलं लिहू नये, पण लिहून झालंय आणि खाडाखोड केली तर मार्क जातात.

आता खरी कथा. सरावपाठ म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं, आणि मागं कॉलेजच्या बाई वही घेऊन बसणार. हिची शाळा पुढच्याच सेक्टरात, आठवी ब. ही आठवी ब म्हणजे आपल्या जत्रेतले मुरलेले पैलवान. वर्षानुवर्षं बी.एड.वाले त्यांच्यावरच हात साफ करतात, त्यामुळं पोरांना सगळे डाव तोंडपाठ. एका मास्तरनं आत येऊन नुसतं ताट वर धरलं, तर पहिल्या बाकावरची ईश्वरी नावाची पोरगी उठून म्हणाली, सर, आज आपण वर्तुळाचा परीघ शिकणार आहोत, ताट ठेवा खाली, टेन्शन नका घेऊ. अशा वर्गाला गप्प करायचं तर साधन जबरी पाहिजे. राजेश्वरीच्या डोक्यात आलं की समीकरण म्हणजे तराजू. दोन्ही पारडी सारखी, इकडून जेवढं काढाल तेवढंच तिकडून काढायचं. सगळ्यांनी पुठ्ठ्याचे तराजू केले. मी म्हणलं, मार्केटात जन्म काढणाऱ्याची बायको पुठ्ठ्याचा तराजू नेणार? गेटाबाहेर बंडूशेठ म्हणून एक बसतो, सुट्टे कांदे-बटाटे विकतो, त्याच्याकडून मी खराखुरा पितळी पारड्यांचा तराजू मागून आणला. दांडी चिंचेनं घासली, पारडी राखेनं घासली, नुसता लखलखाट. शेठ देताना जरा अडखळला होता, मला वाटलं मायेपोटी.

मी स्वतः तो खांद्यावरून शाळेत नेला आणि व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. (शिपायानं हटकलं, तर मी म्हणलं, मी साधन आहे.) तुमची लेक आत गेली. काय नजर फिरवली मामा, पार शेवटच्या बाकावरच्या बाईंपर्यंत! डाव्या पारड्यात तिनं एक पिशवी ठेवली, आत दीड किलो तांदूळ. पिशवीचं नाव क्ष. तिच्याशेजारी अर्ध्या किलोचं माप. उजवीकडं एक किलोचं एक आणि अर्ध्या किलोची दोन. आठवी ब एकदम चिडीचूप, खरा तराजू त्यांच्यापुढं कुणी आणला नव्हता. तिनं दांडी उचलली आणि म्हणाली, बघा मुलांनो, दोन्ही बाजू समान आहेत. आणि डावं पारडं धाडकन खाली. पोरं बघतायत, बाई बघतायत, मी खिडकीच्या गजाला धरून बघतोय. तिला वाटलं दांडी तिरकी धरली. परत उचलली, परत तेच. मग तिनं दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा किलो काढला, कारण टाचणात पुढची पायरी ती होती, तरी डावं पारडं वर यायला तयार नाही. ईश्वरी म्हणाली, टीचर, हे तर इक्वल नाहीये. मागून कुणीतरी ओरडलं, चीटिंग! आणि मामा, त्या घटकेला तुमच्या लेकीच्या तोंडून कॉलेजची भाषा पळून गेली आणि आपल्या पाटणची आली. ती म्हणाली, असं कसं हाय? बस्स. अख्खा वर्ग 'हाय, हाय, असं कसं हाय' करत बाकं बडवायला लागला. ती फळ्याकडं तोंड करून उभी राहिली ती घंटा होईपर्यंत. खडू हातात, पण लिहिलं काहीच नाही. बाईंनी शेरा मारला, साधनाची आधी तपासणी केली नाही, भाषेकडे लक्ष द्यावे.

तराजू घरी आणून मी उपडा केला. डाव्या पारड्याच्या बुडाला डांबराचा गोळा, वरून पितळी रंग फासलेला. यालाच आमच्यात पासंग म्हणतात. गिऱ्हाइकाचा माल डावीकडं घालायचा, माप उजवीकडं, मधला फरक शेठच्या पोटात. दुसऱ्या दिवशी मी मार्केटातली खरी मापं आणून लावली. दोन्हीकडं एकेक किलो, तरी डावं खाली. उजवीकडं दीडशे ग्रॅम चढवले तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. म्हणजे पासंग अधिक एक किलो बरोबर एक किलो दीडशे, दोन्हीकडून किलो काढला की पासंग उरला दीडशे. मग मी त्याच्याकडून दोन किलो कांदे घेतो तेव्हा कांदे अधिक दीडशे बरोबर दोन हजार, दोन्ही बाजूंनी दीडशे काढले की कांदे मिळाले अठराशे पन्नास! गेली चार वर्षं! मी तडक जाऊन त्याला शर्टाला धरला, पण कांद्यासाठी नाही. म्हणलं, शेठ, मला फसवलंस त्याचं काही नाही, माझ्या बायकोचं समीकरण खोटं पाडलंस! आजूबाजूच्या हमालांना वाटलं मी उन्हानं बावचळलो. तराजू मी परत दिलेला नाही. मुद्देमाल म्हणून कॉटखाली ठेवलाय. तो गोळा मी उद्या खरवडून काढणार आणि तराजू सरळ करून तिच्या हातात देणार.

पण ती हात लावायची नाही. त्या दिवसापासून फळा गुंडाळून ठेवलाय. राहीबाईनं तिच्या परीनं समजूत घातली (आमी वाट्यानं इकतो बाय, तराजूचा भरवसाच नाय, तू पन वाट्यानं शिकव), तर ही हसली, पण हसून झाल्यावर डोळे पुसले. म्हणते, गणित मला येतं, पण माझ्या तोंडून कुणी ऐकून घेणार नाही. मी हात वर करून चहा मागितला, तर नुसता आणून ठेवला. प्रश्न नाही, काही नाही. परवा आमटीत मीठ जास्त झालं, तर सरळ म्हणाली, आज खारट झालीय. मामा, मी ताट बाजूला सारलं आणि समीकरण घेऊन बसलो, मुद्दाम कंस घातला, तर म्हणाली, राहू द्या, उत्तर चूक आहे. चूक म्हणाली! पुढच्या बुधवारी तिचा वार्षिक पाठ आहे, बाहेरचे परीक्षक येणार, तो दिला नाही तर वर्ष गेलं आणि ती परत त्या वाटेला जाणार नाही, मला माहीत आहे. आणि तिनं कॉटखाली, त्या तराजूच्या शेजारी, बॅग भरून ठेवलीय. चार साड्या आणि मामींसाठी घेतलेलं पातळ. शनिवारच्या एस.टी.नं ती तुमच्याकडं येणार. तोंडानं बोलली नाही, पण मी बॅग उचलून बघितली. पोती उचलणाऱ्याला वजनावरून कळतं, ही चार दिवसांची बॅग नाही.

मी तिला जाऊ नको म्हणणार नाही. एकतर माहेर तिचं, आणि दुसरं म्हणजे मी म्हणलं तर ती माझ्यासाठी राहील, आणि तसं राहून उपयोग नाही. ती नसली की घर मला खायला उठतं हे खरं आहे, पण कारण ते नाही. तुम्हाला शब्द दिला हेही कारण नाही. मामा, मी तिच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मला गणित समजावं म्हणून जिनं माझ्या चपलासुद्धा मांडल्या, ती जर मास्तरीण झाली नाही तर माझ्यासारखी किती पोरं तीनतीनदा आपटतील, याचा हिशेब मला झोपू देत नाही. एवढंच सांगायचं होतं. मामींना सांभाळा, गुडघ्याला तेल चोळा, रेडीचं नाव आम्हाला विचारून ठेवा. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जे काय घालतात ते घाला.

आपला आज्ञाधारक जावई,
सयाजी (इयत्ता आठवी)

ता. क. खरी विनंती राहिलीच. शनिवारी ती दारात आली तर पोटभर जेवू घाला, मामींच्या मांडीवर डोकं ठेवून रडू द्या, पण रविवारी सकाळच्या एस.टी.त बसवून द्या. पाहुणे येणार आहेत म्हणा, घराला रंग काढलाय म्हणा, काहीही म्हणा. जावयानं सासऱ्याला 'लेकीला घरात घेऊ नका' म्हणून लिहिण्याची ही आपल्या तालुक्यातली पहिलीच वेळ असेल. त्याबद्दल चार शिव्या द्या, पण तिला परत पाठवा.

ता. क. २. पाकिटावरचा पत्ता नेहमीसारखा राजेश्वरीच्या अक्षरात असेल. मी पत्ता घातलेलं मागचं पत्र पाटणऐवजी पैठण हिंडून आलं होतं. म्हणून पाकीट न चिकटवता तिच्याकडं देतोय. वाचू नको म्हणून बजावून सांगणार आहे. ती वाचणार नाही, तुमचे संस्कार आहेत.

ता. क. ३. आबा, हे अक्षर माझं, राजेश्वरीचं. आई आणि तुम्ही, दोघांना वेगवेगळा नमस्कार.

पाकीट उघडं ठेवून हे तीनदा 'वाचू नको हां' म्हणाले. तिसऱ्यांदा तर कोपऱ्यापर्यंत गेलेले परत येऊन म्हणाले. मी वाचलं, आणि वाचलंय तर तपासूनही देते.

ढ असल्याचा दावा मान्य नाही. बंडूशेठच्या कांद्याचं समीकरण यांनी एकही पायरी न गाळता सोडवलंय, दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा करून, बोलता बोलता, रागाच्या भरात. आणि त्या आधीच्या चुका, आबा. चिन्ह न बदलणं, भागायच्या जागी वजाबाकी, एकाच बाजूला भागणं, अर्धाच कंस सोडवणं. माझ्या अध्यापनपद्धतीच्या पुस्तकात विद्यार्थी नेहमी कुठं चुकतात ते दिलंय, तिथं या चारही याच क्रमानं छापल्यात. त्या पानावर यांच्या तंबाखूच्या चुन्याचं बोट उमटलंय. मला ते दसऱ्यालाच दिसलं होतं. बोलले नाही, कारण बोलले असते तर दुसऱ्या दिवशी चटईवर कोण बसलं असतं? दिवसभर पोती वाहून आलेला माणूस रोज एक नवी चूक पाठ करून माझ्यापुढं बसायचा, मला सराव व्हावा म्हणून. आणि वर लिहितोय की शाब्बास मला मिळाली.

बॅग भरली होती हे खरं आहे. शनिवारी येऊन तुमच्यापुढं रडायचं आणि परत जायचं नाही असंच ठरवलं होतं. आता येत नाही. आईचं पातळ पाडव्याला आणीन. जाऊ नको असं हे मला एकदाही म्हणाले नाहीत, इकडचं तिकडचं लिहून उत्तर माझ्याकडूनच काढून घेतलं. आमच्या बाईंनी मागं बसून बघावा असा पाठ होता.

तो डांबराचा गोळा हे उद्या खरवडणार म्हणतात. मी खरवडू देणार नाही. बुधवारी तराजू आहे तसाच वर्गात नेणार, दोन्हीकडं सारखी मापं ठेवणार, डावं पारडं खाली जाऊ देणार. मग आठवी बकडं, पार शेवटच्या बाकापर्यंत बघून विचारीन, असं कसं हाय? हसली तर हसू देत. उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेणार आहे.